डावं-उजवं

पुलाच्या अलीकडे, सिउदाद देल एस्तेत,
तिसऱ्या मजल्यावर माझा काउंटर.
सकाळी सातलाच ब्राझीलकडून माणसं उतरतात
रिकाम्या पाठपिशव्या घेऊन.
कुणाला अत्तर, कुणाला टायर, कुणाला ग्राफिक्स कार्ड.
ऊन पत्र्यावर चढायच्या आत सगळ्यांना परत जायचं असतं.

जिर्सेऊनं मात्र स्टूल ओढलं.
साठी उलटलेली. डावा हात उजव्यापेक्षा काळा:
चाळीस वर्षं खिडकीबाहेर टेकलेला.
माझ्या छातीवरचा बिल्ला त्यानं अक्षर लावून वाचला,
"नीमिया, दोन्ही दाखव."

दोन्ही दाखवली.
एकाला दोन पंखे, एकाला तीन.
एकाची मेमरी आठ, एकाची बारा.
आठवालं जरा चपळ, बारावालं जरा धीराचं,
किमतीत एका जेवणाचा फरक,
तोही डॉलर हलला तर उलटा.
"एकोणीस-वीस," मी म्हटलं.
"यातलं एकोणीस कुठलं?"
मला सांगता येईना.

पोरं येतात ती घरून भांडूनच येतात,
लाल कंपनीची नाहीतर हिरव्या कंपनीची,
बापाकडून क्लब मिळावा तशी.
याला कुठलाच झेंडा नव्हता.
म्हणाला, मार्चमध्ये लायसन्स गेलं. डावा डोळा.
चाक पंक्चर झाल्यासारखं म्हणाला.
नातवानं कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम टाकून दिलाय,
पण रात्री, पावसात, डावीकडचा आरसा धूसर होतो.
"आरशालाही काचबिंदू," म्हणाला,
आणि माझ्याआधी स्वतःच हसला.

मग मी एक कार्ड बसवलं, मग दुसरं.
तोच घाट, तोच पाऊस, मागून तोच टँकर.
कोपऱ्यात आकडा: चौऱ्याहत्तर. मग एकाहत्तर.
आकड्याकडे त्यानं पाहिलंच नाही.
पाहत होता तो आरसा.
बारावाल्यात टँकरचे दिवे मण्यांसारखे सुटे सुटे,
आठवाल्यात थोडे फेसाळलेले.
"पुन्हा," म्हणाला.
तीनदा स्क्रू काढले, तीनदा लावले.
माझ्या तेरेरेतला बर्फ केव्हाच विरघळला.
एका वळणावर मी खाली वाकले
तर काउंटरखाली त्याचा उजवा पाय
एका रिकाम्या खोक्याला हळूहळू दाबत होता.
खोकं चेपलं होतं.

"बारावालं," मी म्हटलं, बिलबुक ओढलं.
त्यानं खिशातून शिवणाची टेप काढली,
सुनेची, पिवळी, टोकाला टाचणी.
मापलं: साडेएकतीस.
दुसरं मापलं: चोवीस.
"माझ्या कॅबिनेटमध्ये अठ्ठावीसच्या पुढे काही जात नाही."

"हे आत्ता कळलं?"
"काल रात्रीच मोजलं होतं."
"मग हे तीन तास?"

त्यानं टेप बोटाभोवती गुंडाळली, सावकाश,
टाचणी लागू नये म्हणून.
पारानाग्वाच्या बंदराला उतरायला, म्हणाला,
दोन रस्ते होते. एकावर भरल्या गाडीला बंदी.
तरी फाट्यावर मी थांबायचो.
उतरायचो. दोन्हीकडे बघायचो.
मागचे शिव्या घालायचे.

आठवालं घेऊन गेला. पैसे चुरगळलेले, पण मोजून बरोबर.
बारावालं मी परत खोक्यात घातलं;
उघडलेलं म्हणून आता स्वस्तात द्यावं लागेल,
मालक विचारेल, काय सांगू?

खिडकीतून पूल दिसतो.
रस्त्याच्या कडेला तो थांबला, पिशवी छातीशी,
आणि आख्खी मान डावीकडे वळवली,
मानेमागून खांदाही,
मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत राहिले,
तो बघत राहिला, मग निघाला.